कडी नाही

सुतळीची गाठ मारून झाली की ते ती दोनदा ओढून पाहत. मग फाटकाच्या डाव्या पल्ल्यावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहत आणि कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणत, "जसं लिव्हलं तसं राह्यलं पायजे."

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत हे दृश्य आम्ही अकरा वर्षे रोज पाहिले. तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल, लिहिलेल्या शब्दाला घाबरणारा. आमचे काकाजी घाबरत नव्हते. त्यांचा त्या शब्दावर विश्वास होता, आणि तेच अधिक कठीण होते.

ते तहसील कचेरीत कारकून होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणत असू. भैंशाकडच्या एका खेड्यातले बौद्ध घर, वडील एका पाटलाकडे सालदार. शिकून खुर्चीवर बसलेला घरातला पहिला माणूस म्हणजे हे. त्यांचे अक्षर गोल आणि स्वच्छ होते. रस्त्यात कोणी भेटले तर आधी 'जयभीम', मग लगेच, "तुमचा अर्ज पोचला. दुसऱ्या मिसलेत होता." मिसल म्हणजे फाईल, आणि कचेरीतल्या कुठल्याही मिसलेत हरवलेला कागद काकाजींना सापडतो, अशी त्यांची ख्याती होती.

गल्लीत त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. घर साधे होते. फाटक मात्र त्यांना सागवानी पाहिजे होते, माणसाच्या उंचीचे, दोन पल्ल्यांचे. मी त्या वेळी सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि त्यांच्या शेजारी राहत असे. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत होती. एका संध्याकाळी त्या भिंतीवर हात टेकून ते म्हणाले, "पेपरवाले, चालता का उद्या? कडी पाहाले जाऊ."

कडी पाहायला आम्ही तीनदा गेलो.

लोखंडी सामानाच्या दुकानात ते प्रत्येक कडी उचलत, डोळे मिटत आणि ती पाडून तिचा आवाज ऐकत. कोयंडा मागून घेत, त्यात पुन्हा पाडत. दुकानदाराने दोन दिवस नुसत्या कड्या काढून दिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबूजी, फाटक लगा रहे कि बाजा?"

"फाटकच है," काकाजी म्हणाले. "मगर आनेवाले कू मालूम होना, खुल गया करके."

शेवटी त्यांनी जी निवडली ती एक सपाट पितळी पट्टी होती. ती कोयंड्यात पडे आणि फळीतून आरपार गेलेल्या मुठीने आतूनही उचलता येई, बाहेरूनही. दुकानदाराने सांगून पाहिले की याने घर सुरक्षित राहत नाही, कोणीही बाहेरून उघडेल. "तेच तं पायजे," काकाजी मला म्हणाले.

परतताना त्यांनी कारण सांगितले. त्यांचे वडील रोज सकाळी पाटलाच्या फाटकाबाहेर उभे राहून 'मालक' म्हणून हाक देत. आतून कोणी येईपर्यंत थांबत. कधी ऊन डोक्यावर येई. फाटकाला हात लावायचा नाही, हा नियम. "बापाचा गळा बसे आवाज देऊ देऊ," ते म्हणाले. "माह्या फाटकावर कोनाले आवाज द्या नाई लागला पायजे. आला, कडी उचलली, आत आला. बस." मग त्यांनी पिशवीतली कडी बाहेर काढून पुन्हा एकदा पाहिली आणि परत ठेवली.

आता शिक्क्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

आमचा जिल्हा सागाचा. जंगल खात्याच्या डेपोतून लाकूड घेतले की त्यावर हातोडीने शिक्का मारलेला असतो. शिक्का आहे तर लाकूड घेतलेले, नाही तर चोरलेले, इतका सोपा हिशेब. म्हणून आमच्याकडे लोक दाराला, चौकटीला रंग देतात पण शिक्क्याएवढी जागा कोरी सोडतात आणि ती रस्त्याच्या बाजूला ठेवतात. सोयरीक जमवायला आलेले पाहुणेही कोरीव कामाआधी शिक्का पाहतात. काकाजींच्या फळ्यांपैकी एकीच्याच टोकाशी स्वच्छ शिक्का उमटला होता, बाकीच्यांवर तो कापण्यात गेला होता. सुतार भैंशाचा, कानामागे पेन्सिल ठेवणारा, कमी बोलणारा माणूस. काकाजींनी त्याला तीनदा बजावले, "शिक्का रस्त्याच्या बाजूनं."

सुतारानेही तो रस्त्याच्याच बाजूने घेतला. फक्त ती फळी डाव्या पल्ल्यात उभी बसली तेव्हा शिक्का आला तळाशी, पायाजवळ.

त्या दिवशी सकाळी बिजागऱ्या बसल्या, दोन्ही पल्ले चढले. उजवा मोकळा फिरला. डावा खालच्या दगडाला घासत होता. सुतार म्हणाला, "चार बोटं कापा लागते." पल्ला उतरवला, कापला, चढवला. तो असा फिरला की एका बोटाने ढकलावा. काकूंनी तो दोनदा उघडून बंद केला. सुतार हसला. आम्ही सगळेच खूश होतो. चार बोटांच्या त्या पट्टीवर काय होते, हे तिथल्या चार माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

सुतार पेन्सिलने कडीची जागा आखत असताना जंगल खात्याचा गार्ड सायकलवरून चालला होता. नवे फाटक पाहून उतरला. ओळखीचा माणूस. काकाजींनी त्याला आत बोलावले, काकूंना चहा टाकायला सांगितले.

"शिक्का किदर है बाबू?" गार्डने सहज विचारले.

"ये क्या," म्हणत काकाजी वाकले आणि न पाहताच बोट ठेवले. बोट करवतीच्या ताज्या कापावर होते. ते तसेच वाकलेले राहिले. बराच वेळ.

मग आम्ही शोधाशोध केली. ढलप्या उपसल्या, भुसा चाळला. सुतार गुडघ्यांवर बसून तुकडे उलटे-सुलटे करत होता. कापलेली पट्टी कुठेच नव्हती. काकू कपबशा घेऊन बाहेर आल्या आणि आम्हाला भुशात हात घातलेले पाहून थांबल्या.

"काय ढुंढून राह्यले?"

काकाजींनी सांगितले. काकूंनी कपबशा खाली ठेवल्या. "ते तं मी चुलीत घातलं. तुमीच म्हनले ना, साहेबाले चहा टाक म्हनून."

चहा तोपर्यंत ओतलेला होता. गार्ड तो प्यायला. मीही प्यायलो.

गार्ड वाईट माणूस नव्हता, हे नोंदवले पाहिजे. तो म्हणाला की पाहिले नसते तर गोष्ट वेगळी, आता इतक्या लोकांसमोर पाहिले. आपण पंचनामा करू, फाटक जप्त दाखवू, इथेच ठेवू, तुम्ही डेपोची पावती दाखवा, पंधरा दिवसांत मोकळे. पावती होती. पण पावतीत सात फुटी फळ्या होत्या आणि समोर कापून जोडलेले फाटक होते. ते हेच लाकूड, हे सांगणारी एकच गोष्ट चुलीत होती.

पंचनाम्याला पंच पाहिजेत. सुतार एक, मी दुसरा. गार्डचे तेलुगू अक्षर वाईट आणि माझे शाळेपासून चांगले, म्हणून लिहायलाही मीच बसलो. तो सांगत गेला. सागवानी फाटक, पल्ले दोन, उंची, रुंदी, बिजागऱ्या चार, शिक्का आढळला नाही. "बस," तो म्हणाला.

मला एखादी गोष्ट अर्धी लिहायची सवय नव्हती. मी विचारले, "आणि कडी?"

"कडी किदर है?"

कडी सुतारापाशी, कापडी पिशवीत होती. फाटकावर फक्त पेन्सिलच्या रेघा होत्या. मी लिहिले, कडी नाही. कोयंडा नाही.

काकाजींनी माझ्या खांद्यावरून वाचले. "बरोबर लिव्हलं," ते म्हणाले. "काई सुटलं नाई पायजे."

सुतार उठला. "धा मिनटं द्या काकाजी, कडी लावून देतो."

"आता नाई," काकाजी म्हणाले. "आता लिव्हनं झालं." त्यांनी कडीची पिशवी सुताराकडून मागून घेतली.

मग त्यांनी सुपुर्दनाम्यावर सही केली. जप्त वस्तू ज्याच्या हवाली करतात, त्याच्याकडून हा कागद घेतात. कोंडवाड्यातल्या बैलांसाठी, जप्त ज्वारीच्या पोत्यांसाठी असे कागद त्यांनी नोकरीत शेकड्यांनी लिहिले होते. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. वस्तू जशी आहे तशी जपीन, तिच्यात फेरबदल करणार नाही, मागताच हजर करीन. त्यांनी सही केली आणि गार्डच्या हातात कागद देताना त्याची घडी नीट केली. त्याच संध्याकाळी पल्ले वाऱ्याने उघडू नयेत म्हणून त्यांनी मधल्या फटीतून सुतळी घालून गाठ मारली. सुतळी सुटी करता येते, ती फेरबदल नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले.

पंधरा दिवस झाले, मग कोर्टाची पहिली तारीख, मग दुसरी.

त्या गाठीची एक अडचण होती. ती कोणाला सुटत नसे. शेळ्या तोंडाने ओढून सोडतात म्हणून काकाजींनी ती अशी काही उलटसुलट वळवली होती की बाहेरच्या माणसाला तिचे टोकच सापडत नसे. त्यामुळे ज्याला आत जायचे तो बाहेर उभा राहून हाक देई. दूधवाला, पोस्टमन, कचेरीतले लोक. "काकाजी! ओ काकाजी!" पहिल्या हाकेला ते आतून जवळजवळ धावत येत. चेहऱ्यावर अपराध्यासारखे काहीतरी असे. "आलो, आलो. उभं नका राहू, आलो."

आम्ही त्यांची थट्टाही करत असू. ते फाटकाला तेल लावत नसत, कारण पंचनाम्यात तेल नव्हते. वाळवी मात्र लागू देत नसत, कारण वाळवीही नव्हती. पावसाळ्यात पल्ले फुगून एकमेकांत अडकले की ते खांदा लावून उघडत, पण रंधा फिरवू देत नसत. सुतार एकदा गल्लीत आला होता, म्हणाला, "जरासं छिलतो, कोनाले समजन?" काकाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवले. पेन्सिलच्या रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ते तिथे हातही लागू देत नसत. काकू म्हणत, "सरकारचं फाटक, अन् राखनदार फुकटचा."

एकदा कोर्टातून मुद्देमाल हजर करण्याचा कागद आला. फाटक उतरवावे तर फेरबदल, न न्यावे तर हुकूम मोडला. काकाजींनी दोन दिवस विचार केला आणि फोटोग्राफरला बोलावले. त्याने सवयीने सांगितले, "जरा हसा." काकाजी म्हणाले, "मुद्देमालासंगं हसत नसते." तो फोटो मी पाहिला आहे. फाटकाशेजारी ते ताठ उभे आहेत, एक हात पल्ल्यावर. त्या तारखेला हाकिमाने, म्हणजे न्यायाधीशाने, फोटो पाहिला की नाही, ठाऊक नाही. त्या दिवशी पुढची तारीख पडली.

गार्डची बेज्जूरला बदली झाली. तिथून तो साक्षीला दोनदा आला, मग येईना. हाकीम बदलले. तालुके मोडून लहान मंडले झाली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, मिसल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेली. काकाजी निवृत्त झाले. सत्कारात बोलताना ते म्हणाले की आता आपल्यापाशी एकच काम शिल्लक आहे. सगळे हसले. ते हसले नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी किनवटला दिलेली होती. तिला पहिले मूल झाले तेव्हा काकाजी सकाळच्या गाडीने गेले आणि संध्याकाळी परत आले. दुसऱ्या वेळीही तसेच. सुपुर्ददाराने वस्तू टाकून मुक्काम करायचा नाही, असे ते मानत. हे कुठे लिहिलेले होते का, मी विचारले. ते म्हणाले, "मागताच हजर करीन, असं लिव्हलं हाय. मी किनवटले असलो अन् त्यायनं मांगलं तं?"

आठव्या-नवव्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. त्यांना विहिरीचे पाणी ओढवेना. मुलगी न्यायला आली. दोघांनाही न्यायचे म्हणूनच आली होती. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. ऐकू नये असा आवाज कोणी ठेवला नव्हता.

"बाबा, फाटकासाठी मानूस राह्यते का एकटा?"

"फाटकासाठी नाई. सहीसाठी."

"सही पुसा मंग!"

"सही पुसता येत असती बाई," ते म्हणाले, "तं मी सारी उमर काय लिव्हत बसलो?"

काकू मुलीबरोबर गेल्या. टांग्यात बसताना त्यांनी काकाजींकडे पाहिले नाही, फाटकाकडे पाहिले. टांगा वळल्यावर काकाजींनी गाठ मारली, दोनदा ओढली. त्या दिवशी ते आपले नेहमीचे वाक्य बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात किनवटहून निरोप आला की काकू अंथरुणाला लागल्या आहेत आणि काकाजींना पाहायचे म्हणतात, त्यांनी जवळ बसावे म्हणतात. काकाजी भिंतीपाशी आले. दाढी वाढलेली होती. मी एक बातमी लिहीत होतो.

"पेपरवाले, एक काम होतं." मी मान वर केली. "सुपुर्दनामा तुमच्या नावानं करून घेता का? महिनाभर. मी अर्ज लिव्हतो. तुमी फक्त सही द्या."

मी म्हणालो, "काकाजी, मी पंच आहे. पंचाला सुपुर्ददार होता येत नाही."

ते वाक्य मी लगेच बोललो, विचार न करता. ते नियमासारखे ऐकू आले. काकाजींनी ते नियम म्हणूनच ऐकले. त्यांनी मान हलवली. "हो. ते बी हाय," ते म्हणाले. "माह्या ध्यानातच नाई आलं." उलट मला अडचणीत घातल्यासारखे त्यांना वाटले असावे, कारण जाताना ते म्हणाले, "माफ करा भाऊ."

असा नियम आहे की नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. मी कोणाला विचारलेही नाही.

ते सकाळी किनवटला जाऊन संध्याकाळी परतत राहिले. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. उन्हात. काकू त्यातून उठल्या. काकाजी मात्र उतरत गेले.

ते गेले ती सकाळ साधी होती. दूधवाल्याने हाक दिली. पुन्हा दिली. मग आणखी दोघांनी दिली. थोड्या वेळात फाटकाबाहेर आठ-दहा माणसे उभी होती आणि सगळी हाका देत होती. मी भिंतीवरून उतरून आत गेलो. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले होते. पायाशी कडीची कापडी पिशवी होती.

मी गाठ सोडायला गेलो. अकरा वर्षे पाहत आलो होतो, तरी मला ती सुटली नाही. बाहेरून कोणीतरी विळा पुढे केला. मी तो घेतला, सुतळीला लावला, आणि खाली ठेवला. का, ते सांगता येणार नाही. किनवटची गाडी येईपर्यंत लोक भिंतीवरून ये-जा करत राहिले.

काकू मुलीच्या आधाराने आल्या. फाटकापाशी थांबल्या. फटीतून दोन बोटे घातली, सुतळीचे एक टोक चाचपले आणि ओढले. गाठ एका ओढीत सुटली. त्यांनी सुतळी गुंडाळून कमरेला खोचली आणि आत आल्या.

काही महिन्यांनी खटला काढून टाकल्याचा हुकूम निघाला. गार्ड साक्षीला येत नाही, असे कारण होते. काकूंनी मला कागद आणायला सांगितले. कोर्टातल्या कारकुनाने मिसल उघडली. वर माझ्याच अक्षरातला पंचनामा होता. सुपुर्दनामा पाहून तो म्हणाला, "हे गेले का? म्हातारा किती चकरा मारे. कोणाच्या नावे का नाही करून दिला?"

मी म्हणालो, "पंच होतो मी. पंचाला चालत नाही ना?"

"काऊन नाही चालत?" तो कागदावर शिक्का मारत म्हणाला. "कोणीबी घेते. एक सही तं द्या लागते."

मी हुकूम घेऊन आलो. त्यात लिहिले होते, फाटक मालकास परत द्यावे.

भैंशाच्या सुताराला मी पत्र टाकले. तो म्हातारा झाला होता, कानामागे पेन्सिल होती. काकूंनी पिशवी त्याच्या हातात दिली. पितळ काळवंडले होते. त्याने रेघा पाहिल्या. अकरा पावसाळ्यांत त्या फिकट झाल्या होत्या पण होत्या. त्याला नव्याने काही आखावे लागले नाही. दहा मिनिटांचे काम त्याने दहा मिनिटांत केले.

काकू त्याच संध्याकाळी किनवटला गेल्या, कायमच्या. दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरातून निघालो, रस्त्यावरून चालत त्यांच्या फाटकापाशी आलो. हाक तोंडाशी आली होती. मूठ उचलली. पल्ला एका बोटाने आत गेला आणि मी आत जाताच मागे फिरून बंद झाला. कडी कोयंड्यात पडली. दुकानात ऐकला होता तोच आवाज झाला. ओट्यावर कोणी नव्हते.